वाजलेलं मडकं

ठकूबाई आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली, तेव्हा आप्पा आवा उघडत होते.

आवा म्हणजे आमची मडक्यांची भट्टी. दोन दिवस धुमसून नुकतीच निवलेली. वरची राख आप्पा फावड्यानं काढायचे नाहीत. झोपलेल्या लेकराच्या अंगावरची वाकळ काढावी तशी हातानं हळूहळू बाजूला सारायचे. राखेतून पहिलं मडकं वर आलं, की त्यांचा हात थांबायचा. चाळीस वर्षं आवा लावलेला माणूस, पण तोंडावर दर खेपेला तेच नवल. आत गेला तो चिखल आणि बाहेर आली ही तांबडीलाल वस्तू, यात जणू त्यांचा काही हातच नव्हता.

"बघ गं शेवंते," ते म्हणाले, "ह्याच्या कुशीला कसा काळा ढग उमटलाय."

मी बघितलं नाही. मी ठकूबाईकडं बघत होते.

सहा वर्षांत ती आमच्या आळीत फिरकली नव्हती. आम्ही नदीवर असलो, तर ती लांबूनच माघारी वळायची. कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिच्या पोरानं, विलासनं, माझ्या थोरल्या बहिणीला आणि तिच्या चार वर्षांच्या चिमीला मारलं होतं.

विलास गावातून तालुक्याला वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप चालवायचा. कुसुमअक्का पंचमीला माहेरी आली होती. परत जायच्या दिवशी तिची एस.टी. चुकली. "चुकली तर चुकली, विलासदादाची जीप हाय की," असं म्हणून ती हसत हसत त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिची पिशवी मीच वर दिली. चिमीनं जीपमधून हात हलवला, तो मला नव्हे, दारात बांधलेल्या गाढवाच्या शिंगराला. वाटेत ओढ्यापाशी विलासनं अक्काच्या गळ्यातल्या डोरल्यासाठी आणि पुतळ्यांच्या माळेसाठी तिचा गळा दाबला. चिमी त्याला विलासमामा म्हणायची. नाव सांगेल, म्हणून मग तिलाही. हे त्यानं स्वतः कोर्टात सांगितलं, मान खाली घालून, एका दमात.

खालच्या कोर्टानं फाशी दिली. वरच्या दोन्ही कोर्टांनी ती कायम केली. आता राहिला होता फक्त दयेचा अर्ज.

त्या अर्जापायी आठ दिवसांपूर्वी तालुक्याचे एक वकील आमच्याकडं येऊन गेले होते. घोंगड्यावर मांडी घालून बसले, चहा घेतला आणि टाईप केलेला एक कागद आप्पांपुढं ठेवला. "फाशीच व्हावी असा आमचा आग्रह नाही, जन्मठेप झाली तरी आमची हरकत नाही, एवढंच यात लिहिलंय," ते म्हणाले. "मेलेल्याच्या घरच्यांचा असा कागद जोडला, तर अर्जाला वजन येतं. नाही जोडला, तर वाचायची आशा नाही. मी जोर करत नाही. पुढच्या शनिवारी येईन. अंगठा असला तर घेऊन जाईन, नसला तर रिकामा कागद घेऊन जाईन."

जाताना त्यांनी शाईची डबी ठेवली आणि मला म्हणाले, "अंगठ्याच्या रेषा नीट उमटू देत. नाही उमटल्या, तर खाली घरातल्या शिकलेल्या माणसानं लिहायचं, की अंगठा यांचाच आहे, आणि सही करायची. शिकलेली तूच ना?"

मी मान फिरवली. मॅट्रिक झालेली मी एकटीच होते. आणि माझा स्वतःचा एक कागद तयार होता. रेघा आखून, वळणदार अक्षरात लिहिलेला: आरोपीची फाशी लांबवू नये, ही मृत मुलीच्या बापाची विनंती. त्याच्यावरही आप्पांचा अंगठा हवा होता. आप्पा म्हणाले होते, "दोन्ही कागद ऱ्हाऊ देत. शनिवार लांब हाय."

दोन्ही कागद कोनाड्यात होते. वर वजन म्हणून चिमीची पणती. चाकाजवळ बसून चिमीनं आपल्या हातानं केलेली, वाकडीतिकडी. आप्पांनी ती तशीच आव्यात भाजली होती. आतल्या बाजूला तिच्या बोटांचे चार ठसे होते. बारीक बारीक रेषांसकट.

आणि ठकूबाई अंगणाच्या कडेला उभी होती तो दिवस शुक्रवार होता.

"काय पायजे?" मी विचारलं. मावशी म्हटलं नाही.

"मडकं."

"पाण्याचं?"

तिनं नकाराची मान हलवली. पुढंही आली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती कुठं उभी आहे ते.

आमच्या दारात मडकं न्यायला माणसं दोन तऱ्हांनी येतात. पाण्यासाठी आलेलं माणूस सरळ अंगणात येतं. "काय आप्पा, औंदा मडकी लई बारकी केली!" म्हणून टोमणा मारतं, चार मडकी हातात घेतं, बोटाच्या पेरानं एकेक वाजवून बघतं. चांगल्या भाजलेल्या मडक्याचा नाद देवळातल्या घंटेसारखा येतो, चिरलेलं बद्द वाजतं. आणि मसणासाठी आलेला माणूस अंगणाच्या कडेलाच उभा राहतो. त्याला ये म्हणायचं नाही, बस म्हणायचं नाही, पाणी विचारायचं नाही. आप्पा हाताला येईल ते मडकं उचलून देणार. त्यानं ते न वाजवता घ्यायचं आणि मागं न बघता जायचं. मेलेल्याच्या मडक्याचा नाद कुणी ऐकत नाही.

आप्पांनी राखेचे हात धोतराला पुसले. सहा वर्षांनी ते तिच्याशी पहिला शब्द बोलले.

"कोन गेलं, वैनी?"

"अजून न्हाय गेलं कुनी," ठकूबाई म्हणाली. "जायचा हाय."

चुलीपुढून उठून आई दारात आली होती. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं.

"जित्या मानसाचं मडकं न्यायला आलीस तू?" मी ओरडले. "आमच्या दारात? लाज कशी वाटली न्हाय?"

"वाटली की, पोरी. चार दिस वाटली. म्हनून तर आज आले." तिचा आवाज कोरडा होता, रडून संपलेल्या माणसाचा असतो तसा. ती आप्पांकडं वळली. "मी उद्याच्याला निघाले, आप्पा. तुरुंगाच्या गावी माझ्या भनीची लेक नांदती. तिच्या वसरीला पडून ऱ्हाईन. तारीख आधी सांगत्यात म्हनं. दिवस बी सांगत्यात, वकत बी सांगत्यात. एकदा ती कळली, की मागं यायला उसंत घावायची न्हाय. आन त्या परमुलखात कुठला कुंभार मला मडकं दील? कुनासाठी म्हनून इचारंल. मी काय सांगू?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"त्याला बाप न्हाय, भाऊ न्हाय. गावातला एक गडी खांदा द्यायला यायचा न्हाय, आन मी बोलवायची बी न्हाय. मडकं खांद्यावर घिऊन मलाच फिरायचं हाय. तर ते माझ्या गावच्या मातीचं असावं. तुमच्या हातचं असावं." ती थांबली. "तुमच्याच दारात आले, कारन दुसरा कुंभार न्हाय. आन असता तरी तुमच्याच दारात आले असते."

"दयेच्या कागदासाठी न्हाय आलीस?" मी विचारलं.

"न्हाय."

"खरं बोल."

"वकील मला बी म्हनला, जाऊन पाय धर. म्या म्हनलं, कुसुमच्या आईचे पाय मी कोनच्या हातानं धरू?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी आणखीच चिडले. पुढं होऊन तिच्या तोंडासमोर उभी राहिले. "मग मला सांग. तुज्या पोराला फाशी व्हावी का न्हाय? तूच सांग."

आप्पा म्हणाले, "शेवंते."

"सांगू दे तिला!"

ठकूबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. तिचे डोळे अगदी विलाससारखे होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"चिमीला मी बाळंतपनात न्हाऊ घातलंय, पोरी. ह्या दोन पायांवर. तिची कुनी म्हनून इचारशील, तर व्हावी. त्याची आई म्हनून इचारत असशील," ती म्हणाली, "तर मला इचारू नगंस."

निवणाऱ्या आव्यात मडकी बारीक कुरकुरत होती.

आप्पा वळले. आव्याजवळ गेले. हाताला येईल ते उचलायचं असा नेम, पण त्यांनी वेळ लावला. शेवटी मघाचं ते मडकं उचललं, कुशीला काळा ढग असलेलं. ते घेऊन अंगण ओलांडताना मी त्यांना बघत होते. रोज तेच अंगण ओलांडणारे माझे आप्पा, कमरेत थोडे वाकलेले, पायाला राख. पण त्या दिवशी ती वीस पावलं संपता संपेनात. ज्यानं आपल्या लेकीला मारलं, त्याचं मडकं आपल्या हातानं घेऊन हा माणूस चाललाय.

त्यांनी ते ठकूबाईच्या हातात ठेवलं.

तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. सवयीनं डाव्या कमरेवर टेकवलं. आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून तिनं ते वाजवलं.

जन्मभर पाणी भरलेल्या बाईचा हात होता तो. मडकं कमरेला टेकलं, की बोट आपसूक वाकणार. तिला कळायच्या आत होऊन गेलं.

मी आमच्या दारात हजारो मडकी वाजताना ऐकली आहेत. तसा नाद पुन्हा ऐकला नाही. आधी उंच गेला, मग रुंद झाला. आव्यातल्या उरलेल्या मडक्यांच्या पोटात शिरून परत आला. दारातल्या गाढवानं कान टवकारले. आईचा पिठाचा हात छातीशी गेला. तो नाद संपला असं वाटायचं आणि परत बारीक ऐकू यायचा. कुठल्याही देवळात जोडले नाहीत तसे माझे हात एकमेकांत गुंतले होते.

"अगं बया!" ठकूबाईनं मडकं कमरेवरून खाली घेतलं. "चुकले, आप्पा! चुकले! हाताला सवं... म्या मुद्दाम न्हाय..."

आप्पा डोळे मिटून उभे होते. नाद पार मिटेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"वाजलं," ते म्हणाले.

"दुसरं द्या. पाया पडते, दुसरं द्या. मी हात बी लावत न्हाय, पदरात टाका."

"दुसरं न्हाय द्यायचं मला, वैनी. वाजलेलं मडकं मसनात जात न्हाय. आन ज्याच्या नावानं मडकं वाजलं, त्याच्या नावानं कुंभारानं दुसरं काढायचं न्हाय. आमच्यात नेम हाय तसा."

"मग मी काय करू?"

"पानी भरा त्यात," आप्पा म्हणाले. "प्या."

आणि माझ्याकडं न बघता, "शेवंते, वकिलाचा कागद आन."

मी हलले नाही. "आप्पा, एक मडकं वाजलं म्हनून? चिमीनं त्याला मामा म्हनलं होतं आप्पा, तरी त्यानं..."

"ठावं हाय मला. मी इसरलो असं वाटतं तुला?"

ते तिथंच, अंगणातल्या चाकाजवळ खाली बसले. कुसुमअक्का गेल्यापासून ते मोजकंच बोलायचे. त्या दिवशी बोलले.

"ती गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपन हितं बसून मटकीची उसळ खाल्ली. तू म्हनलीस, अक्काला लई आवडती, तिच्या सासूला जमत न्हाय. हसलो आपन. तीन दिस हसत हुतो. ती गेली तो वकत आपल्याला कळलाच न्हाय गं. मी किती येळा इचार केला, त्या वक्ताला मी काय करत हुतो? माती तुडवत हुतो का पान खात हुतो?" त्यांनी ठकूबाईकडं हात केला. "ह्या बाईला त्यो वकत आधी सांगनार. दिवस सांगनार, घटका सांगनार. मग ती तितपतूर बसनार, आन त्यो यायची वाट बघनार. मला न कळता जे झालं, ते मला अजून झोपू दीत न्हाय. तिला ते कळून बसायचं. माझ्या अंगठ्यानं तेवढं व्हायला नगं. त्याला आत डांबू दे, मरंस्तवर डांबू दे. माझं काय बी म्हननं न्हाय."

मी कोनाड्याकडं गेले. पणती उचलली. दोन्ही कागद हातात घेतले. माझा कागद वर होता. क्षणभर मनात आलं, आप्पांना वाचता येत नाही.

तो क्षण मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मी वकिलांचा कागद नेला. आप्पांनी डबीत अंगठा बुडवला आणि नेटानं दाबला. उचलला, तर कागदावर नुसता काळा गोल. एक रेष नाही. पुन्हा बाजूला दाबला. पुन्हा तसाच, गुळगुळीत. चाळीस वर्षं मातीनं त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून नेल्या होत्या. लाखभर मडक्यांच्या काठांवर त्या गेल्या होत्या. कागदासाठी काही उरलं नव्हतं.

आप्पांनी त्या काळ्या गोलाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"वकील काय म्हनला हुता? रेषा न्हाय आल्या तर?"

मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं.

"मी सही करनार न्हाय," मी म्हणाले.

"बरं," आप्पा म्हणाले. नुसतं बरं. रागानं नाही. कागद जमिनीवर ठेवून त्यावर त्यांनी मातीचा एक गोळा ठेवला, उडू नये म्हणून. "नगं करूस. तुजी बी भन हुती."

त्यांनी ओरडायला हवं होतं. मी त्यांच्याशी भांडले असते.

तेवढ्यात आई पायऱ्या उतरली. ती आमच्या कुणाकडं न बघता ठकूबाईपाशी गेली आणि तिच्या हातातलं मडकं काढून घेतलं. रांजणाजवळ गेली. एक तांब्या, दोन तांबे, तीन. नव्या मडक्यात पहिलं पाणी पडलं, की जो वास येतो, तो अंगणभर झाला. माझी आई एके काळी आप्पांच्या चाकाशेजारी बसून ओव्या गायची. अक्काच्या लग्नानंतर तर रोज गायची:

चाकावरची गं माती, हाताखाली झाला घडा
लेक निघाली सासरी, माझा जीव थोडा थोडा

अक्का गेल्यापासून तिच्या तोंडून एक ओळ निघाली नव्हती. तिनं पाण्याचा तांब्या ठकूबाईपुढं केला.

"घे," आई म्हणाली. "उन्हातनं आलीस."

मसणाच्या मडक्यासाठी आलेल्या माणसाला पाणी देत नाहीत. ठकूबाई तांब्याकडं बघत राहिली. मग अंगणाच्या कडेवरून एक पाऊल आत आली, खाली बसली आणि ओंजळ पुढं केली. आईनं वरून धार धरली. दोघींच्याही हातांवर पीठ मिसळलेलं पाणी ओघळत होतं.

माझ्या एका हातात अजून चिमीची पणती होती. मी ती उन्हात धरली. चार ठसे, बारीक रेषा, जशाच्या तशा. भाजलेली माती परत चिखल होत नाही. त्या रेषा आता कधी पुसायच्या नव्हत्या, कुणी फासावर गेलं तरी आणि न गेलं तरी.

मी मातीचा गोळा बाजूला केला. पेन काढलं. काळ्या गोलाखाली लिहिलं: वरील अंगठा माझे वडील महादेव कुंभार यांचाच आहे. अक्षर एवढं वेडंवाकडं आलं, की कोनाड्यातल्या माझ्या त्या वळणदार कागदाशी ते कुणी जुळवलं नसतं. सही केली. शेवंता महादेव कुंभार.

मी माफ केलं नव्हतं. आजही केलेलं नाही. आप्पांचा अंगठा आप्पांचाच होता, एवढं मात्र खरं होतं, आणि ते मी लिहिलं.

ठकूबाई भरलं मडकं कमरेवर घेऊन निघाली. नवं मडकं झिरपत होतं, तिच्या लुगड्याची कड ओली होत होती. आळीच्या वळणावर ती थांबली आणि तिनं मागं वळून बघितलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वकील कागद घेऊन गेले. त्यानंतर चार दिवसांनी, आप्पा माती चाकावर चढवत असताना, आई आपलं आपण म्हटल्यासारखं म्हणाली:

एका खाणीची गं माती, दोन चाकांवर चढे
एका घरी पाणी गार, एका घरी गेले तडे

आप्पांनी चाक थांबवलं नाही. नुसती मान हलवली.

वर्षभरानं फाशीची जन्मठेप झाली. आमच्या त्या कागदामुळं, की दुसऱ्या कशामुळं, ते कुणी आम्हाला सांगितलं नाही. ठकूबाई परत गावात आली. ते मडकं तिच्या दारात तिवईवर दिसायचं, जाणारायेणारा त्यातलं पाणी प्यायचा. मी कधी प्याले नाही.

त्या शुक्रवारानंतर बारा वर्षांनी ठकूबाई गेली.

तोवर आप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. आवा मी आणि माझा सदूमामा चालवायचो. मामा वाळव्याकडचा, जन्मभर कुंभारकीच केलेला. त्या दिवशी दुपारी अंगणाच्या कडेला दोन माणसं येऊन उभी राहिली. एक पोलीस आणि एक पांढरा सदरा घातलेला, केस पिकलेला माणूस. आईच्या क्रियाकर्मासाठी त्याला एका दिवसाची रजा मिळाली होती. मान छातीशी गेलेली. कोर्टात होती तशीच.

मी त्याला अठरा वर्षांनी बघत होते.

मामाला तो कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं आपला उठून एक मडकं उचललं, आणि द्यायला वळता वळता, हाताला सवय, पेरानं वाजवलं.

"मामा!" मी किंचाळले. "वाजवलंस! आता काय करायचं? तिच्या नावानं आता दुसरं बी निघायचं न्हाय!"

"कुनी सांगितलं?" मामा माझ्याकडं बघतच राहिला.

"नेम हाय आपल्यात. वाजलेलं मडकं मसनात जात न्हाय. आन ज्याच्या नावानं वाजलं, त्याला दुसरं..."

"काय डोस्कं फिरलं का काय तुजं, शेवंते?" मामा हसायला लागला. "वाजवू ने, एवढं खरं. वाजलं तर वाजलं. हेच न्यायचं, न्हायतर दुसरं घ्यायचं. मेल्यालं मानूस काय तसंच ठिवायचं का मडक्यापायी? साठ वरसं मडकी करतोय मी, असला नेम कंदी ऐकला न्हाय."

मी दाराकडं बघितलं. आई उंबऱ्यावर बसली होती, म्हातारी, डोळ्यांनी अधू.

"आई?"

"त्यांनी त्याच दिशी केला नेम त्यो," आई म्हणाली. "घरात नव्या आलेल्या सुनेचा मान राखावा, तसा मी त्याचा राखला."

आप्पा जन्मात एकदाही खोटं बोलले नव्हते. चिरलेलं मडकं गिऱ्हाइकानं वाजवून पसंत केलं, तरी ते स्वतः सांगायचे, बाबा, हे नगं घेऊस. तो माणूस त्या दुपारी आव्यापासून वीस पावलं चालत गेला होता, तेव्हा त्याच्याजवळ असा कुठलाही नेम नव्हता. ठकूबाईचं बोट वाकलं. नाद झाला. आणि तो नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभं राहून त्यानं तो नेम घडवला, ओल्या चिखलातून काठ उचलावा तसा. आमच्या बारा पिढ्यांच्या नावावर.

मी मामाच्या हातातलं मडकं घेतलं आणि बाजूला ठेवलं. आव्यातून दुसरं काढलं. न वाजवता. अंगण ओलांडलं. मीही ती वीस पावलं चालले, तेव्हा मला कळलं ती संपत का नाहीत.

विलासनं दोन्ही हात पुढं केले. हात म्हाताऱ्याचे झाले होते. मी मडकं त्यांवर ठेवलं. तो मागं न बघता गेला.

मग मी परत आले, आणि मामानं वाजवलेल्या मडक्यात पाणी भरलं.